दोन पॉइंट छत्तीसची चाळणी

एकोणतीस वर्षं मी वाळू चाळली,
विक्रोळीच्या काँक्रीट प्लँटवर, पत्र्याच्या लॅबमध्ये.
पितळी चाळण्यांची उतरंड,
तळाच्या ताटलीत उरलेली धूळ
ग्रॅममध्ये वहीत लिहायची.
पोकळी राहू द्यायची नाही, एवढीच नोकरी.
खडीच्या फटीत वाळू, वाळूच्या फटीत सिमेंट,
हवेला पाय ठेवायला जागा नको.

ऋजुता भुजला नोकरीला गेली
तेव्हा भांडुपच्या ग्रिलमध्ये सात कुंड्या ठेवून गेली.
जाताना म्हणाली, "यांचं फार काही करू नकोस."

मी केलं.
नर्सरीतून लाल माती आणली,
शेणखत, वर नीमपेंड,
रोज सकाळी तांब्याभर पाणी.
पंधरा दिवसांत एचेवेरियाची पानं
उकडलेल्या कांद्यासारखी झाली,
बोट लावलं की सुटून हातात.
फोटो पाठवला.
उत्तर आलं, दोन शब्दांचं:
"माती बदल."

जुलैत मुंबईत मीठसुद्धा बरणीत रडतं.
इथे पाणी हवाच घालत असते,
आपण फक्त त्याला जायला वाट ठेवायची.
एवढं कळायला मला
ती चिखलाची ढेप उपटून हुंगावी लागली.
आंबूस. मुळं तपकिरी, भिजल्या सुतळीसारखी.

मग माळ्यावरून चाळणी काढली.
प्लँट बंद झाला तेव्हा भंगारात निघालेली,
मी मागून घेतलेली, का ते तेव्हा सांगता आलं नव्हतं.
इस्त्रीवाल्या रामसुमेरकडून विझलेले कोळसे.
तिसऱ्या मजल्यावर कुणी बाथरूम फोडलं
त्याच्या विटांचे तुकडे, सिमेंट चिकटलेले वगळून.
दादरहून परलाइट, पिशवी फुगलेली,
काट्यावर वजनच दाखवेना.
तळाशीलकरवहिनी अक्साची पुळण देत होत्या, फुकट.
नको म्हटलं. समुद्र मुळांना सोसत नाही.
जाड वाळू आणली, नदीची म्हणून विकलेली,
तीन पाण्यांनी धुतली.
आणि माती?
चार वाट्यांत एक. तीही हात आखडूनच.

चाळलं.
या वेळी वरचं ठेवलं.
खालचं, ज्याचा जन्मभर हिशेब ठेवला,
ते कागदात गुंडाळून कचऱ्यात.

मिश्रण जरा ओलं केलं, मूठ आवळली.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
हिची किंमत उघडल्यावर कळते.
ढेकूळ राहिलं तर अजून वीट घाल.
सुटून पडलं तर जमलं.

माझं रजिस्टर लग्न. ती नऊ वर्षांची,
फ्रॉकच्या खिशात खडे घेऊन बसलेली.
थोरल्या नणंदेने मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हटलं,
"मातीचे कुल्ले लागत नसतात गं."
आणि मी तेरा वर्षं लावत बसले.
डब्यात दोन भाज्या, परीक्षेला माझी रजा,
नको म्हणाली तरी केसांना तेल.
ती बोलायची नाही. ताट मात्र संपवायची.
आई म्हणाली नाही कधी,
काकूही नाही.
हाक म्हणजे "ऐक ना".

मूठ अजून दोनदा करून पाहिली.
दोन्ही वेळा माती सुटली,
तळव्यावर विटेची लाल भुकटी तेवढी राहिली,
ती नळाखाली गेली.

सप्टेंबर.
सहा कुंड्या भरल्या आहेत.
सातवीत नुसतं मिश्रण, वर एक गळलेलं पान,
मी न लावलेलं,
फेकायचंच राहून गेलेलं.
आज पाहिलं तर तुटल्या कडेला
गुलाबी मुळं, केसाएवढी,
विटेच्या खड्याला टेकलेली,
धरलेली म्हणता येणार नाहीत.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
तांब्याला हात गेला होता, मागे घेतला.

उघड्या मुठीचा फोटो पाठवला.
रात्री साडेअकराला फोन.
"ऐक ना, दिवाळीत येतेय चार दिवस.
फार काही करू नकोस."